परमुलखातील पेरणी

मेक्सिको शहरात तेथील शिक्षण मंत्रालयाची एक भव्य इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात मोठमोठी भित्तिचित्रे रंगविली. त्यांतील एका चित्रात जेवणाचे मेज मांडलेले आहे. मेजाभोवती माणसे बसली आहेत आणि मध्यभागी, घरातील कर्त्याच्या जागी बसलेला एक सावळा, गंभीर चेहऱ्याचा पुरुष सर्वांसाठी पाव मोडीत आहे. स्पॅनिश भाषेत या चित्राला जे नाव आहे, त्याचा अर्थ आपल्याकडे 'आमची भाकरी' असा करता येईल. मेक्सिकोच्या अन्नदात्याच्या आसनावर चित्रकाराने ज्याला बसविले, तो पुरुष मात्र मेक्सिकोत जन्मलेला नव्हता. तो होता आपल्या विदर्भातील वर्ध्याचा. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याचा मुलगा सातासमुद्रापलीकडच्या भिंतीवर जाऊन कसा बसला, ही हकीगत मोठी आहे.

पांडुरंगाचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला. वडील लोकांना सरकारदरबारी द्यावयाचे अर्ज लिहून देत असत. शेतसाऱ्याची सूट, जमिनीचा तंटा, कर्जाची फिर्याद अशी गाऱ्हाणी घेऊन खेड्यापाड्यांतील माणसे अर्जनविसाच्या ओट्यावर येत, हे त्या काळी गावोगावचे नित्याचे दृश्य होते. पांडुरंगाचे प्राथमिक शिक्षण वर्ध्यास झाले व पुढील शिक्षणासाठी तो नागपुरास गेला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे. या प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ कोसळले. पहिल्याच्या वेळी पांडुरंग बारा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याएवढाच. दुसऱ्याच्या वेळी पंधरा वर्षांचा. ज्वारीची ताटे शेतातच वाळून जावीत आणि माणसांनी पोटासाठी गाव सोडून वाट धरावी, असे ते दिवस होते. पुढे या माणसाने जन्मभर ज्या विद्येचा ध्यास घेतला, तिचे मूळ या दोन दुष्काळांत असावे, असे मला वाटते.

परंतु त्या वयात पांडुरंगाच्या मनात शेती नव्हती. त्याच्या मनात होती बंदूक.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी नागपूरचा तरुण वर्ग तेव्हा भारून गेला होता. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. इंग्रजांना शस्त्राच्या बळावरच घालविता येईल, अशी काही तरुणांची खात्री झाली. पांडुरंग त्यांतलाच एक होता. पण शस्त्रविद्या शिकावी कोठे? १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्यामुळे परवान्यावाचून हिंदी माणसाला बंदूक बाळगता येत नसे, आणि सैन्यातील अधिकाराच्या जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. तेव्हा ही विद्या परदेशातच मिळविली पाहिजे, असे त्याने ठरविले. १९०५ मध्येच जपानने रशियासारख्या बलाढ्य साम्राज्याचा पराभव केला होता. आशियातील एक लहानसा देश युरोपीय सत्तेला नमवितो, ही वार्ता ऐकून अनेक हिंदी तरुणांचे डोळे पूर्वेकडे लागले. १९०६ च्या सुमारास पांडुरंग खानखोजे हिंदुस्थानाबाहेर पडले ते जपानच्या दिशेने, आणि तेथून पॅसिफिक महासागर ओलांडून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. मायभूमीचे दर्शन पुन्हा त्रेचाळीस वर्षांनी होणार आहे, हे त्यांना कोणी सांगितले असते, तरी त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नसता.

अमेरिकेत त्यांना ओळखणारे कोणी नव्हते आणि खिशात पैसाही नव्हता. मिळेल ती मजुरी करावी, राबून चार पैसे गाठीला बांधावेत आणि त्यांतून शिकावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. आपल्याकडील पांढरपेशा घरातील मुलाला अंगमेहनतीची तेव्हा सवय नसे. पुष्कळदा लाजही वाटे. पण परमुलखात लाज बाळगून पोट भरत नाही. खानखोज्यांनी दोन्ही विद्यांची दारे एकाच वेळी ठोठावली. कॅलिफोर्नियात सान राफाएल या गावी माउंट तमालपाइस नावाची सैनिकी शाळा होती. तेथे त्यांनी कवायत व युद्धशास्त्राचे पाठ घेतले. दुसरीकडे महाविद्यालयात त्यांनी शेतकीचा विषय निवडला. बर्कले येथील विद्यापीठ, मग ओरेगन राज्यातील कोर्व्हॅलिसचे कृषी महाविद्यालय आणि शेवटी वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालय अशी त्यांच्या शिक्षणाची ठिकाणे बदलत गेली. १९१३ मध्ये पुलमन येथे त्यांनी पदवी संपादन केली.

पुलमनविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा मुलूख लहानमोठ्या टेकड्यांचा आणि गव्हाच्या शेतांचा आहे. पाटाचे पाणी नाही. आभाळातून जे पडेल त्यावर गहू काढावयाचा, म्हणजे आपल्या भाषेत कोरडवाहू शेती. याच ठिकाणी विल्यम स्पिलमन नावाच्या प्राध्यापकांनी १८९९ पासून गव्हाच्या निरनिराळ्या जातींचा संकर करून पाहिला होता. आईबापांचे गुण पुढच्या पिढीत काही ठरावीक प्रमाणात उतरतात, हे त्यांना गव्हाच्या लोंब्या मोजता मोजता आढळून आले. आनुवंशिकतेचे हेच नियम ऑस्ट्रियातील मेंडेल नावाच्या धर्मोपदेशकाने मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून पूर्वी मांडले होते. पण जग ते विसरून गेले होते. खानखोजे पुलमनला आले, तेव्हा स्पिलमन तेथून गेलेले होते. तरी त्यांच्या कामाची परंपरा तेथे होती. कमी पाण्यात तग धरणारे वाण बुद्धीने घडविता येते, ही गोष्ट दुष्काळी मुलखातून आलेल्या विद्यार्थ्याला किती मोलाची वाटली असेल!

विद्यार्थी म्हणून ते शिकत होते, तरी मनातील मूळ हेतू ढळला नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरील लाकडाच्या वखारींत, रेल्वेच्या कामावर आणि फळबागांत हजारो हिंदी मजूर राबत होते. त्यांतील बहुतेक पंजाबी असून पुष्कळांनी पूर्वी इंग्रजांच्या सैन्यात चाकरी केलेली होती. गोरे मजूर त्यांचा द्वेष करीत. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम या गावी जमावाने हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलून लावले होते. ज्यांच्या साम्राज्यासाठी आपण लढलो, ते इंग्रज सरकार आपल्या मदतीस बोटही उचलीत नाही, हे पाहून या माणसांचे डोळे उघडले. त्यांना संघटित करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत खानखोजे आघाडीवर होते. १९१३ मध्ये बाबा सोहनसिंग भकना यांच्या अध्यक्षतेखाली जी संघटना उभी राहिली, ती पुढे गदर पक्ष या नावाने इतिहासात अजरामर झाली. 'गदर' म्हणजे बंड. लाला हरदयाळ तिच्या वृत्तपत्राची बाजू सांभाळीत. लढ्याच्या गुप्त तयारीत खानखोज्यांचा मोठा वाटा होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. इंग्रज युरोपात गुंतले असता हिंदुस्थानात उठाव करावा, असा बेत ठरला व गदरचे शेकडो वीर मायदेशी निघाले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा तरुण त्यांच्यात होता. बेत फुटला, धरपकड झाली आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात पिंगळे, कर्तारसिंग सराभा व त्यांचे सोबती फासावर चढले. खानखोज्यांनी वेगळी वाट धरली होती. तुर्कस्तानमार्गे इराणात उतरून बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानच्या सरहद्दीला धडक द्यावी, या हेतूने ते निघाले. नाव पालटून, वेष पालटून, वाळवंटातील टोळ्यांबरोबर राहून त्यांनी तेथे इंग्रजांशी झुंज दिली. त्या साहसांचे वर्णन करू गेल्यास निराळा पाठ लिहावा लागेल. एवढेच सांगतो की अनेकदा जीव वाचला तो केवळ नशिबाने, आणि हाती यश आले नाही. युद्धात इंग्रज विजयी झाले. पुढे बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को येथे जमलेल्या हिंदी क्रांतिकारकांच्या मंडळीतही ते दिसतात. पण तेथेही मार्ग सापडला नाही.

आता त्यांच्या परिस्थितीचा क्षणभर विचार करा. वय चाळिशीला आले होते. मायदेशी पाऊल टाकावे, तर इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव होते. तेथे त्यांची वाट पाहत होता तो तुरुंग किंवा फास. अमेरिकेचे दारही बंद झाल्यासारखेच होते. ज्या विद्येसाठी घर सोडले, ती बंदुकीची विद्या निष्फळ ठरली होती. पदरी उरली होती ती दुसरी विद्या, जी त्यांनी जणू जोडीला म्हणून घेतली होती. शेतकी!

अशा वेळी त्यांना मेक्सिकोची आठवण झाली. कॅलिफोर्नियात असताना स्वदेशातील जुलमी राजवटीमुळे परागंदा झालेल्या काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांचा स्नेह जडला होता. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती सुरू झाली आणि दहा वर्षांच्या रक्तपातानंतर त्यांतीलच काही मंडळी आता सरकारात मोठ्या अधिकारावर होती. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले आणि जुने स्नेही त्यांना विसरले नव्हते.

मेक्सिकोला त्या वेळी शेतकीतज्ज्ञांची फार निकड होती. क्रांतीपूर्वी तेथील बहुतेक चांगली जमीन मूठभर जमीनदारांच्या हाती होती. या अफाट जमीनदारीला तिकडे 'हासिएंदा' म्हणतात. गावेच्या गावे तिच्या पोटात गडप होत आणि गावकरी स्वतःच्याच वाडवडिलांच्या जमिनीवर कर्जबाजारी मजूर म्हणून राबत. एमिलिआनो सापाता हा शेतकऱ्यांचा पुढारी जमिनीसाठी लढला आणि १९१९ मध्ये दग्याने मारला गेला. १९१७ च्या राज्यघटनेने मात्र त्याची मागणी पुष्कळशी मान्य केली व जमीनदारांची जमीन काढून गावांना देण्यास आरंभ झाला. पण जमीन मिळाली म्हणजे पीक आले असे होत नाही. बैल नाहीत, अवजारे नाहीत, चांगले बियाणे नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने राबलेल्या माणसाला स्वतःच्या शेताची आखणी करण्याची सवय नाही. त्याला शिकवावयास हवे होते.

मेक्सिको शहराच्या पूर्वेस तेश्कोको गावाजवळ चापिंगो नावाची अशीच एक जुनी हासिएंदा होती. एके काळी ती मेक्सिकोच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या मालकीची होती. सरकारने तेथे राष्ट्रीय कृषिशाळा आणली. धनिकाच्या वाड्यात शेतकऱ्यांची मुले शिकू लागली, आणि जेथे पूर्वी प्रार्थना होत असे, त्या दालनाच्या भिंतींवर रिव्हेरा यांनी सुपीक धरणीची चित्रे काढली. या शाळेत खानखोज्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. वनस्पतिशास्त्र आणि पिकांच्या सुधारणेचे शास्त्र हे त्यांचे विषय. चाळिसाव्या वर्षी स्पॅनिशसारख्या परक्या भाषेत वर्गापुढे उभे राहावयाचे! मी आयुष्य शिकविण्यात घालविले आहे. आपल्या मातृभाषेत शिकवितानाही कधी कधी शब्द अडतो. पण खानखोज्यांनी ती भाषा इतकी आत्मसात केली की पुढे आपले ग्रंथही त्यांनी त्याच भाषेत लिहिले. चापिंगोच्या त्या शाळेचे पुढे विद्यापीठ झाले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या आवारात खानखोज्यांचा पुतळा बसविण्यात आला.

त्यांचे खरे काम होते ते मक्यावर. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकरी, तशी मेक्सिकोत मक्याची तोर्तिया. मका हे तेथील माणसाचे जीवन आहे. किंबहुना जगाला मका मेक्सिकोनेच दिला. मात्र तेथील पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंच. पाऊस वर्षातून काही महिनेच पडतो आणि कधी कणसे भरण्यापूर्वीच कडाक्याचे दहिवर पडून उभे पीक करपते. अशा भूमीत गरीब शेतकऱ्याच्या पदरी चार दाणे अधिक कसे पडतील, हा खानखोज्यांपुढील प्रश्न होता.

मक्याचे कणीस तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. ते सोलताना आतून रेशमासारखे लांब केस निघतात. भाजून खाण्याच्या घाईत आपण ते फेकून देतो. पण त्यांतील प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. ताटाच्या शेंड्यावर जो तुरा येतो, त्यातून परागकण वाऱ्याबरोबर खाली झडतात. एक कण एका केसावर पडला, त्या केसातून आत पोहोचला, म्हणजे एक दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या जागी कणसात फट राहते. पुढच्या वेळी एखादे कणीस अर्धवट भरलेले दिसले, तर हे आठवा. आता दोन जातींचा संकर करावयाचा, तर वाऱ्याला मध्ये येऊ देता कामा नये. म्हणून केस बाहेर पडण्यापूर्वीच कोवळ्या कणसाला पिशवी बांधतात. दुसऱ्या जातीच्या तुऱ्यालाही पिशवी बांधून तिच्यात पराग गोळा करतात, मग योग्य दिवशी हाताने तो केसांवर झटकतात आणि कणीस पुन्हा झाकून ठेवतात. प्रत्येक ताटाला खूणचिठ्ठी, प्रत्येक कणसाची नोंद. पीक आले की त्यातील हवे त्या गुणाचे दाणे निवडून पुढच्या हंगामात पुन्हा पेरावयाचे. असे एक-दोन नव्हे, अनेक हंगाम. बंदुकीच्या गोळीने एका क्षणात निकाल लागावा, अशी ज्याची तरुणपणी अपेक्षा होती, त्याने आता वर्षामागून वर्षे शेताच्या बांधावर बसून दाणे निवडीत काढली.

मेक्सिकोच्या शेतांच्या कडेला 'तेओसिंते' नावाचे एक रानगवत उगवते. दिसावयास ते मक्यासारखेच असते. पण त्याच्या चिमुकल्या कणसात पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात बंद असतो. खाण्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी. परंतु हेच मक्याचे रानटी पूर्वज आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील आदिवासींनी याच गवतातून निवडीत निवडीत मका घडविला, हे आता शास्त्राने सिद्ध झाले आहे. रानटी झाड उपाशी राहते, तहानलेले राहते, पण मरत नाही. शिवाय एका बुंध्यातून त्याला अनेक धुमारे फुटतात. हा चिवटपणा आणि हा फुटवा घरच्या मक्यात उतरविता आला तर? खानखोज्यांनी मका आणि तेओसिंते यांचा संकर करून नवी जात तयार केली. मक्याच्या दुसऱ्या एका विलक्षण जातीचाही त्यांनी अभ्यास केला. तिच्यात एका कणसाच्या जागी हाताच्या बोटांसारखा कणसांचा झुबका येतो. 'ग्रानादा' मका या नावाने तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९३६ मध्ये मेक्सिकोत प्रसिद्ध झाले. गहू, तूर व रबराची झाडे यांच्यावरही त्यांनी संशोधन केले. आपली तूर मेक्सिकोच्या मातीत रुजते का, हे पाहण्यास हिंदी माणसाइतका योग्य माणूस तरी दुसरा कोण मिळणार!

प्रयोगशाळेत तयार झालेले बियाणे कागदावरच राहू नये, याची त्यांना मोठी चिंता असे. चापिंगोत येऊ शकत होती ती थोडी मुले. बाकीच्या लक्षावधी शेतकऱ्यांचे काय? म्हणून १९२८ च्या सुमारास त्यांनी गावागावांत 'मुक्त कृषिशाळा' सुरू करण्याच्या कामाला वाहून घेतले. शाळेला फी नाही, वयाची अट नाही, अक्षरओळखीचीही सक्ती नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाने मोकळ्या वेळात यावे आणि बी कसे निवडावे, खत कसे करावे, जमिनीचा कस कसा टिकवावा, हे हाताने करून शिकावे. त्यांतल्या एका शाळेला सापाताचे नाव दिले होते. रिव्हेरा या कामी त्यांचे सहकारी होते. टीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी या शाळांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली. ती आज मेक्सिकोच्या कलेच्या इतिहासात मानाने दाखविली जातात. रुंद काठाच्या टोप्या घातलेले शेतकरी आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला हा परदेशी गुरुजी! भाषा परकी, धर्म परका, देश परका. पण सावकारी कर्ज, रुसलेला पाऊस आणि रिकामी कणगी या गोष्टी त्याला वर्ध्याहून येतानाच ठाऊक होत्या.

१९३६ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव त्यांनी सावित्री ठेवले व धाकटीचे माया. घर मेक्सिकोत आणि मुलींची नावे भारतीय; यावरून त्यांच्या मनाचा ओढा कोणीकडे होता, ते कळते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. आता खानखोज्यांना कोणाचे भय? पण राज्य बदलले, तरी कचेरीतील कागद लगेच बदलत नाहीत. इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीतून त्यांचे नाव निघालेले नव्हते. ज्या स्वातंत्र्यासाठी ते परागंदा झाले, त्याच स्वतंत्र देशात पाऊल ठेवताना त्यांना अडथळा आला, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? अखेरीस तो दूर झाला आणि १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयी सल्ला देण्यासाठी ते भारतात आले. बावीस वर्षांचा तरुण घरातून गेला होता. परत आला तो पासष्टीला टेकलेला प्राध्यापक. त्यांच्या मनात पुष्कळ योजना होत्या. मेक्सिकोत जे साधले, ते विदर्भाच्या काळ्या मातीत साधावे, असे त्यांना वाटत होते. मात्र ज्या उत्साहाने मेक्सिकोच्या सरकारने चोवीस सालच्या निर्वासिताला कामाला लावले, तो उत्साह त्यांना येथे फारसा आढळला नाही. मायदेशाने त्यांचा सत्कार केला. पण त्यांच्या ज्ञानाचा उपयोग मात्र पुरता करून घेतला नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण लपविण्यात अर्थ नाही. १९५५ च्या सुमारास ते कायमचे नागपुरास येऊन राहिले.

१९६५ व १९६६ या लागोपाठच्या वर्षांत भारतात पाऊस फार अपुरा पडला आणि बिहारसारख्या प्रांतांत दुष्काळाची छाया पसरली. अन्नधान्यासाठी देशाला परदेशांच्या तोंडाकडे पाहावे लागले. त्या वेळी भारत सरकारने एक धाडसी निर्णय घेतला. अधिक उत्पन्न देणाऱ्या ठेंगण्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे १९६६ मध्ये परदेशातून जहाजांनी आणविले आणि पंजाबापासून बिहारपर्यंतच्या शेतांत ते पेरले गेले. हे बियाणे आले होते मेक्सिकोहून. ते खानखोज्यांनी तयार केलेले नव्हते. नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनी ते घडविले होते. १९४४ मध्ये बोरलॉग मेक्सिकोत आले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांना आरंभ झाला तो मात्र चापिंगोच्याच शेतांत. खानखोज्यांनी जेथे वीस वर्षांपूर्वी शिकविण्यास सुरुवात केली होती, त्याच मातीत.

ती जहाजे भारताच्या बंदरांना लागली, तेव्हा पांडुरंग खानखोजे ब्याऐंशीला टेकले होते. मेक्सिकोचा गहू हिंदुस्थानात पेरला जात असल्याची बातमी वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचत होती. त्या वर्षीच्या रब्बीची पिके शेतात उभी असतानाच, २२ जानेवारी १९६७ रोजी, नागपुरात त्यांनी डोळे मिटले.